मोबाइल काढला की मुलगा आकांत करतो

तुमचा प्रश्न: मुलगा चार वर्षांचा. हातातला मोबाइल घेतला की जमिनीवर अंग टाकतो, मारतो. आजी कळवळून मोबाइल परत देतात, बाबा ‘मुलीसारखा रडू नकोस’ म्हणून दरडावतात. परवा तुमचा हात उठला आणि तेव्हापासून मन खातंय.

ताई, पोर हट्टी निघालं असं मनात आणू नका. आवेग आवरणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो. या वयात मूल मोठ्यांच्या शांतपणाच्या आधारानंच शांत होतं.

आकांत सुरू झाला की त्याच्या उंचीला बसा आणि एकच वाक्य हळू बोला: ‘मोबाइल गेला म्हणून राग आलाय तुला.’ मग गप्प राहा. ‘का रडतोस?’ याचं उत्तर त्याच्याकडे नसतं. हात उगारला तर मनगट हलकेच धरा: ‘राग आला तर चालेल, मारलेलं चालणार नाही.’ मोबाइल मात्र परत नाही. वीस मिनिटं रडून तो मिळाला, तर पुढच्या वेळीही तो तेवढं रडणारच. आजींशी हे तो झोपल्यावर बोला, त्याच्यादेखत नको. नियम पक्का केला की पहिले काही दिवस आकांत वाढतो आणि नेमकी तिथेच घरं माघार घेतात.

खरं काम शांत वेळचं. रागावणं वेगळं, रुसणं वेगळं: रुसलेल्याला कुणीतरी समजूत काढायला हवं असतं. हिरमुसलेल्याची आशा मोडलेली असते. जेवताना हे शब्द वापरा: ‘आत्या आली नाही, हिरमुसलास ना?’ ‘आज ऑफिसात मी वैतागले होते.’ बाबांनीही बोलावं. रडायची बंदी असलेला मुलगा पुढे दुःखही रागातूनच दाखवू लागतो.

या वयाला स्क्रीन दिवसाला जास्तीत जास्त एक तास, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ‘पाच मिनिटांत बंद’ त्याला कळत नाही. ‘हा भाग संपला की बंद’ म्हणा आणि बटण त्यालाच दाबू द्या.

आकांत वारंवार पंचवीस मिनिटांहून लांबत असेल किंवा तो स्वतःला इजा करत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

आणि मारल्याबद्दल आजच त्याला सांगा: ‘मी मारलं, ते चुकलं.’ पुढे ‘पण तूही…’ जोडू नका.