लग्न जमेपर्यंत तपासणी नको?

प्रिय वाचक भगिनी,

तुमचे वडील ४३व्या वर्षी हृदयविकाराच्या झटक्याने गेले, काकांची ४८व्या वर्षी बायपास झाली, कार्यालयातल्या तपासणीत तुमचे स्वतःचे एलडीएल (म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल) २१२ निघाले, आणि तरीही २८ वर्षांच्या भावाची रक्ततपासणी ‘लग्न जमेपर्यंत नको, रिपोर्ट वाईट आला तर सोयरीक मोडेल’ म्हणून आईंनी अडवून धरली आहे, असे तुम्ही लिहिता. ऐन संसारात जिचा नवरा गेला, तिने मुलाचे दोनाचे चार हात होईपर्यंत हा विषयच टाळावा, हे मी समजू शकते. मान्य मात्र करू शकत नाही.

भावाच्या दोन्ही टाचांमागच्या जाड शिरेवर टणक गाठी आहेत आणि त्या बूट घासून झाल्या असाव्यात असे घरात धरून चालतात, हे तुम्ही जाता जाता लिहिले आहे. मला ते सर्वांत महत्त्वाचे वाटते. वडिलांचा इतिहास आणि तुमचा आकडा पाहता ते कोलेस्टेरॉलचे साठे असू शकतात, आणि तसे असल्यास फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया या आनुवंशिक विकाराचा दाट संशय घ्यावा लागतो. साधारण २५० माणसांत एकाला तो असतो. रक्तातले एलडीएल उचलून घेण्याचे यकृताचे काम या जनुकदोषामुळे अपुरे पडते आणि रोहिण्यांत लहानपणापासूनच थर साचू लागतो. त्यामुळे भाऊ सडपातळ आहे, तुपाला शिवत नाही, या दिलाशावर विसंबता येणार नाही. आईवडिलांपैकी एकाकडे हा दोष असला, तर तो प्रत्येक अपत्याकडे येण्याची शक्यता निम्मी असते.

इंटरनेटवरून मागवायचा जनुकीय चाचणीचा संच तूर्त राहू द्या. साधी लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या चरबीची तपासणी, आणि जोडीला लायपोप्रोटीन (ए) या कोलेस्टेरॉल वाहून नेणाऱ्या कणाची चाचणी (त्याची पातळी मुख्यतः वारशानेच ठरते, आणि ही चाचणी बहुतेकांना आयुष्यात एकदा केली तरी पुरते) करून दोघेही हृदयरोगतज्ज्ञांना भेटा. कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिनची गोळी तरुणपणीच सुरू झाली तर धोका बराच खाली येतो, हे आईंना डॉक्टरांच्याच तोंडून ऐकू द्या.

स्थळापासून लपवावे का, याचे माझे उत्तर स्पष्ट नकारार्थी आहे. पत्रिकेतला मंगळ आपण न विचारता सांगतो. हे तर पुढच्या पिढीपर्यंत जाणारे आहे. बैठकीआधी भावाने ते मुलीला स्वतः सांगावे.

तुमचे उपचारही लांबवू नका. मूल होऊ देण्याचा विचार असेल तर डॉक्टरांना आधीच कल्पना द्या, कारण गरोदरपणात स्टॅटिनची गोळी सहसा बंद ठेवतात.