जिटरचा डबा घ्यावा का? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

प्रश्न : नमस्कार. मी इंदूरला रामबागेत राहतो, रिटायर झालोय, दिवसातला बराच वेळ गाणं ऐकण्यात जातो. नव्वदच्या दशकातला एक सीडी प्लेअर आहे, त्याच्या कोॲक्सियल (तांब्याच्या वायरीच्या डिजिटल) आउटपुटमधून वायर वेगळ्या डॅकला, म्हणजे डिजिटल आकड्यांचा परत आवाजाचा सिग्नल करणाऱ्या यंत्राला जाते, डॅकही तेवढाच जुना, सेकंडहँड घेतलेला, पुढे ॲम्प्लिफायर आणि दोन बुकशेल्फ स्पीकर. अमीर खाँसाहेबांचं ऐकताना आवाज थोडा वाढवला आणि तान वर गेली की ती कानाला टोचते, तासाभरात थकवा येतो. महाराणी रोडवरच्या ओळखीच्या दुकानदाराने सांगितलं की मधे जिटर कमी करणारा डबा लावा, आवाज एकदम मोकळा होईल. वीस हजाराच्या घरात किंमत आहे. घेऊ का? आणि जिटर म्हणजे नक्की काय तेही सांगा.

उत्तर : नमस्कार. आत्ता घेऊ नका. कारण सांगतो, पण आधी जिटर समजून घेऊ, म्हणजे पुढचं तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

सीडीवर आवाज म्हणजे आकडे असतात, प्रत्येक चॅनलचे सेकंदाला ४४,१०० आकडे, १६ बिटचे. डॅक हे आकडे घेतो आणि त्यांचं परत व्होल्टेज करतो, आणि ते ठरलेल्या वेळेलाच करायचं असतं, एका आकड्यानंतर साधारण २२.७ मायक्रोसेकंदांनी पुढचा. आता आकडा बरोबर आहे पण त्याची वेळ जराशी पुढेमागे झाली तर तयार होणारी लहर मूळ लहरीपेक्षा वेगळी होते. तबल्याचे बोल सगळे बरोबर वाजले पण मात्रा हलत राहिली तर ठेका कसा बिघडतो, तसं. वेळेतल्या या थरथरीला जिटर म्हणतात. आकड्यांमधे काही बिघाड नसतो, ते शाबूत पोचलेले असतात.

तुमच्या जोडणीत ही थरथर येते कुठून? प्लेअर ते डॅक ही जी एकच वायर आहे, तिच्यातून सोनी आणि फिलिप्सने ठरवलेल्या एसपीडीआयएफ पद्धतीने आकडे आणि घड्याळ दोन्ही एकत्र जातात. अशा साध्या डॅकला स्वतःचं स्वतंत्र घड्याळ वापरता येत नाही, त्याला येणाऱ्या सिग्नलमधूनच वेळ शोधून काढावी लागते, त्यासाठी आत पीएलएल नावाचं सर्किट असतं. वायर ७५ ओहमची नसेल, सिग्नल टोकावरून परत फिरत असेल किंवा प्लेअरमधलं वेळ ठरवणारं क्रिस्टलच साधं असेल तर शोधलेली वेळ डळमळीत निघते. डबा काय करतो, तर येणारे आकडे थोडा वेळ मेमरीत साठवतो आणि स्वतःच्या चांगल्या घड्याळाने, किंवा खूप संथ चालणाऱ्या पीएलएलने, एकसारखे पुढे सोडतो. नव्वदच्या दशकात असे डबे बरेच निघाले, ऑडिओ अल्केमी आणि मोनार्की या कंपन्यांचे त्यात होते, आणि तेव्हाच्या डॅकचे रिसीव्हर, म्हणजे येणारा सिग्नल वाचणारे भाग, खरोखरच साधे असायचे त्यामुळे त्या काळी त्यांना अर्थ होता.

पण एक गोष्ट दुकानदार सांगत नाहीत. डब्यातून निघालेला सिग्नल परत एसपीडीआयएफच्याच वायरने तुमच्या जुन्या डॅकमधे शिरतो आणि डॅक परत आपल्याच पीएलएलने वेळ शोधतो. म्हणजे डॅकच्या आतला जिटर डब्याने जात नाही, फक्त त्याच्या आधीचा कमी होतो. म्हणून डबा कधी घेतलाच तर डॅकच्या अगदी शेजारी ठेवा आणि मधली वायर नीट ७५ ओहमची वापरा, नाहीतर डब्याने सुधारलेलं वायरीत परत बिघडायचं.

आता किती जिटर कानाला कळतो ते बघू, कारण खरा मुद्दा हाच आहे. २० किलोहर्ट्झचा पूर्ण जोराचा सूर घेतला तर १६ बिटमधल्या सगळ्यात लहान पायरीच्या अर्ध्याएवढी चूक व्हायला सुमारे १२१ पिकोसेकंद (पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग) पुरतात. हा आकडा ऐकला की माणूस घाबरतो. पण तो गणिताचा आहे, कानाचा नाही. १९९८ मधे बेंजामिन आणि गॅनन या संशोधकांनी लोकांना प्रत्यक्ष ऐकवून बघितलं तेव्हा उंच शुद्ध सुरांतसुद्धा मर्यादा १० नॅनोसेकंदांच्या आसपास आली, म्हणजे १०,००० पिकोसेकंद, आणि संगीतात त्याहून जास्त जिटर असल्याशिवाय कळत नव्हता. २००५ मधे जपानमधे आशिहारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार कानांच्या लोकांवर प्रयोग केला, संगीतात सैरभैर जिटर मिसळून, तर तिथे मर्यादा काही शे नॅनोसेकंद निघाली. जुन्या पण धड चालणाऱ्या प्लेअर-डॅकचा जिटर साधारणपणे याच्या खूप खाली असतो.

आणि खाँसाहेबांचंच घ्या. ते १९७४ मधे गेले, त्यांचं सगळं रेकॉर्डिंग ॲनलॉग काळातलं. टेपचा वेग कधीच अगदी स्थिर नसतो, त्यात समजा ०.०५ टक्के इतकाच फरक पडला तरी एका मिलिसेकंदात ५०० नॅनोसेकंदांची सरक झाली, आणि ती त्या रेकॉर्डिंगमधेच कायमची बसलेली आहे, कुठला डबा ती काढू शकत नाही. तरी त्या आवाजाचं वजन, तो मंद्रातला ठेहराव, झुमऱ्याच्या १४ मात्रांवर सावकाश उलगडत जाणारा राग, यातलं काही कमी होतं का? मला तर कधी वाटलं नाही.

मग टोचतं काय? तुम्हीच लिहिलंय की आवाज वाढवल्यावर टोचतं. आवाज वाढवण्याशी जिटरचा तसा संबंध नाही, त्यामुळे मी आधी ॲम्प्लिफायर आणि खोली बघेन. आपल्याकडे फरशी उघडी, भिंती गुळगुळीत, समोर काचेची खिडकी, वरचे सूर सगळीकडून आदळून परत येतात आणि आवाज वाढवला की ते जास्तच कानात येतात. स्पीकर आणि तुमच्या खुर्चीच्या मधे जाड सतरंजी टाका, खिडकीला जाड पडदा, स्पीकर भिंतीपासून फूट-दीड फूट पुढे, आणि त्यांचं तोंड थेट कानाकडे न ठेवता थोडं बाहेर वळवून बघा. हे सगळं जवळपास फुकट आहे. मग ॲम्प्लिफायर एकदा चांगल्या मेकॅनिककडे दाखवा, इतक्या वर्षांत कपॅसिटर सुकलेले असू शकतात, आणि कमी ताकदीचा ॲम्प जास्त चालवला की तो क्लिप होतो, म्हणजे लहरीची टोकं कापतो, ते टोचणं अगदी तुम्ही लिहिलंय तसंच असतं.

एवढं करूनही समाधान झालं नाही तर वीस हजारात डब्याऐवजी नवा डॅक घ्या. आजच्या बहुतेक चांगल्या डॅकमधे जिटर दाबायची सोय आतच असते, डबा आणि डॅक दोन्हींचं काम एकातच होतं. आणि दुकानदार ऐकायला घरी देत असेल तर जरूर आणा, पण घरातल्या कुणालातरी न सांगता अदलाबदल करायला लावा, दोन्हीचा आवाज मोजून सारखा ठेवा, कारण जरासा मोठा आवाज नेहमी जास्त चांगलाच वाटतो.

प्रश्न : काका, मी सुदामानगरला राहतो, इंजिनिअरिंगला आहे. लॅपटॉपला यूएसबी डॅक आणि हेडफोन लावून ऐकतो. मधेमधे टक-टक आवाज येतो. हा जिटर आहे का? यूएसबीचा रीक्लॉकर, म्हणजे मधे लावायचा तसाच डबा, घेऊ का?

उत्तर : नाही रे, जिटर नाही. जिटरने टक-टक होत नाही, टक-टक म्हणजे आकडेच वेळेत पोचले नाहीत. यूएसबी ऑडिओमधे हरवलेलं पॅकेट परत मागवलं जात नाही, गेलं ते गेलं. प्लेअरच्या सेटिंगमधे बफर वाढव, डॅक हबमधे नको थेट लॅपटॉपला लाव, दुसरी वायर लावून बघ, बॅटरी सेव्हर बंद कर. तुझा डॅक असिंक्रोनस असेल, आजकाल बहुतेक असतात, तर घड्याळ डॅकचं चालतं आणि लॅपटॉप त्याच्या मागणीप्रमाणे आकडे पुरवतो, मग मधल्या रीक्लॉकरला सुधारायला वेळ अशी काही उरतच नाही. पैसे हेडफोनवर घाल, फरक तिथे कळेल. आणि विंडोज असेल तर तुझी गाणी ४४.१ किलोहर्ट्झची आणि सिस्टिम ४८ वर सेट असं आहे का बघ, तसं असेल तर विंडोज सगळं बदलून पाठवतं, प्लेअरमधे एक्सक्लुझिव्ह मोड चालू कर, म्हणजे गाणं न बदलता थेट डॅकला जाईल.

प्रश्न : लोकमान्य नगरहून लिहितेय. टीव्हीचा आवाज ॲम्प्लिफायरला कोॲक्सियलने नेला तर घूं असा आवाज येतो, ऑप्टिकलने येत नाही. पण मुलगा म्हणतो ऑप्टिकलमधे जिटर जास्त. काय ठेवू?

उत्तर : ताई, ऑप्टिकलच ठेवा. मुलगा म्हणतो ते मोजमापात बऱ्याचदा खरं ठरतं, ऑप्टिकलचा जिटर थोडा जास्त निघू शकतो, पण तो तुम्हाला ऐकू येणार नाही आणि घूं रोज ऐकू येतंय. ते घूं ग्राउंड लूपचं आहे, म्हणजे दोन उपकरणांच्या अर्थिंगमधून आणि मधल्या वायरीतून फिरणाऱ्या विजेचं, टीव्ही आणि ॲम्प दोन वेगळ्या प्लगवर असतील किंवा टीव्हीला केबलची वायर असेल तर असं होतं. ऑप्टिकलमधून फक्त प्रकाश जातो, वीज जात नाही, म्हणून लूप तुटतो. कोॲक्सियलच हवं असेल तर आधी दोन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावून बघा. पण ॲम्पच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकायचा सल्ला कुणी दिला तर तो अजिबात ऐकू नका, त्यात शॉक लागायचा धोका आहे.