आल्याच्या कंदकुजीवर ट्रायकोडर्माची आळवणी करूनही फरक का पडत नाही?

दोन वर्षं ट्रायकोडर्मा या मित्रबुरशीची आळवणी (पाण्यात कालवून बुंध्याशी ओतणं) करूनही पावसाळ्यात प्लॉट सडतोच, पाकीट बोगस असेल का, असं तुम्ही विचारलंय. असेलही. पण आधी रोग कोणता ते बघा. पिवळ्या पडू लागलेल्या झाडाचा बुंधा आडवा कापून काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात धरा. काही मिनिटांत दुधासारखा धागा खाली उतरला तर ती जिवाणूजन्य मर आहे. तिथे ट्रायकोडर्मावर पैसे घालवू नका. बेणं बदला, जमीन बदला. धागा नाही, बुंधा बुळबुळीत होऊन ओढताच हातात येतो, तर बहुधा पिथियम, म्हणजे कंद सडवणारा बुरशीसारखा रोगजंतू.

पिथियम तसा दुबळा गडी. जमिनीत सुप्त पडून राहतो आणि मुळातून किंवा बेण्याच्या जखमेतून साखर पाझरली की काही तासांत रुजतो. चांगल्या मुरलेल्या खतातले असंख्य जिवाणू-बुरशा ती साखर आधीच फस्त करतात, पिथियम उपाशी राहतो. खरं काम हे खत करतं. ट्रायकोडर्मा ही वरची भर. नुसती पावडर पाण्यातून सोडली तर तिला खायला काही नसतं, आणि जमिनीतले जुने रहिवासी तिला टिकू देत नाहीत.

उलटही घडतं. अर्धवट कुजलेल्या शेणखतात साखर शिल्लक असते, त्यावर पिथियमच पोसतो. ‘खत भरपूर घातलं तरी सड वाढली’ या तक्रारीमागे बऱ्याचदा हेच असतं. शेणाचा वास येत असेल किंवा हात घातल्यावर ढीग गरम लागत असेल, तर ते खत आल्याला घालू नका. ढीग तापतो तेव्हा रोगजंतू मरतात, पण मित्रबुरशाही जातात. त्या ढीग थंड झाल्यावरच परत येतात. कोरडं ठणठणीत झालेलं खतही या कामाचं नाही.

लागणीआधी 15 दिवस असं करा: 90 किलो मुरलेलं शेणखत, 10 किलो निंबोळी पेंड, 1 किलो ट्रायकोडर्मा. सावलीत दीड फुटापेक्षा कमी उंचीचा थर, वर ओलं गोणपाट. ओल इतकीच की मूठ दाबल्यावर गोळा व्हावा, पाणी गळू नये. दर तीन-चार दिवसांनी हलवा. एकराला असे दोन-तीन ढीग तरी लागतील. गादीवाफ्यावर बेण्याच्या जवळ द्या, पूर्ण रानात विस्कटू नका. पाकिटावर ग्रॅमला किमान 20 लाख बीजाणू आणि मुदत बघून घ्या. दुकानात उन्हात तापलेलं नको.

पिथियमचे बीजाणू पाण्यात पोहतात. सरीत पाणी तुंबत असेल तर वरचं सगळं वाया. आधी चर काढा.

आणि कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक? पिथियमवर ते चालतच नाही, वर ट्रायकोडर्मा मात्र मारतं. सड दिसली की मेटॅलॅक्झिल असलेल्या औषधाची लेबलप्रमाणे फक्त त्या जागी आणि भोवतीच्या झाडांना आळवणी करा. यातल्या बऱ्याच औषधांत मँकोझेब हे बुरशीनाशकही असतं, ते ट्रायकोडर्मालाही बाधतं, म्हणून 15 दिवस थांबून तिथे तयार खत पुन्हा द्या.