एफवायला निघालेल्या भाचीला

प्रिय बाळा,

तुझी पुण्यात एफवायला, म्हणजे कॉलेजच्या पहिल्या वर्षाला, ॲडमिशन पक्की झाली, कर्वेनगरला कॉट बेसिसवर जागाही मिळाली, हे तुझ्या आईने काल फोनवर सांगितलं. ‘तिला चार गोष्टी सांग’ अशी आज्ञाही सोडली. हॉस्टेलवर एका खोलीत राहत होतो तेव्हापासून ती मला अशीच कामं लावत आली आहे. चार गोष्टी काही मला सुचत नाहीत. एकच आहे, बाकीचं सगळं तिच्या पोटात येतं. विचारायला लाग, आणि तेही पहिल्या आठवड्यापासून.

पुण्यात हे सांगायचं म्हणजे गंमतच आहे. ‘पत्ता विचारण्यासाठी बेल वाजवू नये’ अशा पाट्या लावणारं हे गाव. करमाळ्याहून आलेल्या पोरीला सुरुवातीला वाटतं, ही पाटी इथल्या प्रत्येकाच्या कपाळावरच आहे. तसं नसतं गं. पुणेकर आधी तिरकं बोलतो आणि मग कोपऱ्यापर्यंत येऊन बरोबर गल्ली दाखवतो. तेव्हा पाटी वाचून हसायचं आणि बेल वाजवायची.

आजवर तुझ्या मागे लागणारी माणसं होती. वही तपासणाऱ्या बाई होत्या, दोन दिवस दांडी मारली की घरी फोन करणारे सर होते. कॉलेजात कुणी मागे लागत नाही. महिनाभर वर्गात दिसली नाहीस तरी कुणाला पत्ता लागणार नाही. पत्ता लागेल तो सेमिस्टर संपताना, डिफॉल्टरची यादी बोर्डावर लागेल तेव्हा. हजेरी 75 टक्के लागते हे सगळ्यांना पाठ असतं, पण आपली किती भरली हे विचारायला कुणी जात नाही. आणि आजारी पडलीस तर मेडिकल सर्टिफिकेट बरी झाल्या झाल्या दे. परीक्षेच्या आदल्या दिवशी आणलेल्या सर्टिफिकेटवर आम्हा शिक्षकांपैकी कुणाचा फारसा विश्वास नसतो, उगाच कशाला खोटं सांगू.

मी एफवायला फिजिक्स शिकवते. दरवर्षी जुलै-ऑगस्टमध्ये एक प्रकार हमखास दिसतो. तास संपला की शहरातल्या शाळांमधून आलेली चार-पाच मुलं थेट टेबलाशी येतात. शंका असो नसो, बोलतात. तालुक्यातून आलेल्या मुली मात्र स्टाफरूमच्या दाराशी तिघी-तिघी उभ्या राहतात. एक दुसरीला कोपराने ढकलते, दुसरी मान हलवते. तिसरी चपलांकडे बघत असते. तेवढ्यात पुढच्या तासाची घंटा होते आणि तिघीही पसार. मी कधी हाक मारते, कधी हातात पेपरांचा गठ्ठा असतो म्हणून राहून जातं. तर तू त्या दारात थांबू नकोस. ‘मॅडम, येऊ का?’ एवढं म्हण आणि ये. ‘आत्ता वेळ नाही’ असं उत्तर मिळालं तर ‘मग कधी येऊ?’ म्हण. या दुसऱ्या प्रश्नाला नाही म्हणणारा शिक्षक मी तरी फारसा पाहिलेला नाही.

आणि विचारायचं कसं, तेही सांगते. ‘मॅडम, काहीच कळलं नाही’ या वाक्यावर मी काय बोलणार? अख्खा धडा पुन्हा शिकवायला वेळ तुलाही नसतो आणि मलाही. वही उघड आणि नेमकं बोट ठेव. गेल्या वर्षी एक मुलगी अशीच आली. स्प्रिंगच्या समीकरणावर बोट ठेवून म्हणाली, ‘इथे हा वजा कुठून आला?’ मी सांगितलं, स्प्रिंग ताणली की ती आत ओढते, दाबली की बाहेर ढकलते. बल कायम विस्थापनाच्या उलट दिशेला, म्हणून वजा. तिने मान डोलावली, दारापर्यंत गेली आणि परत फिरली. ‘आणि तो वजा नसता तर?’ मग मात्र आम्ही दोघी खाली बसलो. वजा नसता तर ताणलेली स्प्रिंग आणखी ताणतच सुटली असती, मागे आलीच नसती, मग कंपनं कुठली आणि घड्याळाचा लंबक कुठला. दुसऱ्या दिवशी मी अख्खा तास त्या प्रश्नावर घेतला. ती मुलगी वर्गात पहिली वगैरे आली नाही, पण तेव्हापासून तिची वही बघायला मला आवडते.

तिने हे सगळं मराठीत विचारलं होतं. तुझ्या मनात इंग्रजीची धास्ती आहे हे मला माहीत आहे. अकरावी-बारावीची पुस्तकं इंग्रजीत असली तरी गावाकडे शिकवणं मराठीतूनच चालतं, आणि इथे पहिल्याच दिवशी समोरचा माणूस तासभर इंग्रजीत बोलत सुटतो. त्याचं वाक्यन् वाक्य उतरवायच्या नादाला लागू नकोस. फळ्यावरचं जसंच्या तसं लिही, बोललेलं तुला समजेल त्या मराठीत लिही, आणि त्याच दिवशी रात्री त्यातल्या एका मुद्द्याचं उत्तर इंग्रजीत लिहून काढ. शेवटी पेपर इंग्रजीतच लिहायचाय, तो सराव टळत नाही. पण शंका मराठीत विचारायला कसलीही लाज नको. इंग्रजी फाडफाड बोलणाऱ्या मुलांनाही तो वजा कुठून आला हे माहीत नव्हतं.

आता नव्या शैक्षणिक धोरणाचा पसारा. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, व्हॅल्यू ॲडेड, भारतीय ज्ञान परंपरा अशी नावं ऐकून पालकांचं डोकं गरगरतं. तू एवढंच धर: थिअरीचा एक क्रेडिट म्हणजे 15 तास शिकवणं, प्रॅक्टिकलचा एक म्हणजे 30 तास, आणि पहिल्या वर्षाला साधारण 44 क्रेडिट. अभ्यास कुठे किती करायचा याचा अंदाज त्यावरून येतो. दोन क्रेडिटच्या विषयासाठी रात्री जागवून मेजरकडे, म्हणजे मुख्य विषयाकडे, दुर्लक्ष करणारी मुलं असतात. ओपन इलेक्टिव्ह दुसऱ्या शाखेतला घ्यावा लागतो. त्यात ‘स्कोअरिंग काय आहे?’ हे सीनियरना विचारू नकोस, सगळे तेच विचारतात. ‘कोण शिकवतं आणि वर्गात काय चालतं?’ हे विचार. सायन्सच्या मुलीला अर्थशास्त्र किंवा इतिहासाचा एखादा चांगला शिक्षक मिळाला तर ती चैन समज. क्रेडिट जमा होण्यासाठी अपार आयडी, म्हणजे विद्यार्थ्याचा ओळख क्रमांक, काढावा लागेल. त्यावरचं नाव बारावीच्या मार्कशीटवरच्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळतंय ना ते बघ. वडिलांच्या नावात एक ‘ए’ कमी पडला म्हणून ऑफिसच्या खिडकीसमोर रडणारी मुलं मी पाहिली आहेत.

खिडकीचं निघालंच आहे तर पैशाचंही बोलते, कारण ते तू आईला विचारणार नाहीस आणि आई तुला सांगणार नाही. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल आणि जे लागतील ते दाखले तहसीलमधून निघण्याआधीच काढ. इथून एका सहीसाठी करमाळ्याला जायचं म्हणजे दोन दिवस गेले. महाडीबीटीचे, म्हणजे शिष्यवृत्त्यांच्या सरकारी पोर्टलवरचे, अर्ज सुटले की पहिल्या आठवड्यात भर. राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्तीला कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत चालतं. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. तुझ्या कोर्सला तो कसा आणि किती बसतो ते खिडकीवर विचार. बँकेत जाऊन खातं आधारला जोडलेलं आहे का, आणि सरकारी पैसे त्याच खात्यात येणार का, हे दोन वेगळे प्रश्न म्हणून विचार. पहिल्याचं उत्तर हो असून दुसऱ्याचं नाही, असं फार वेळा असतं आणि वर्षभर पैसे अडकतात. दरवर्षी अर्ज रिन्यू करावा लागतो, तेही डोक्यात ठेव.

एवढं करूनही ओढाताण झाली तर विद्यापीठाची ‘कमवा आणि शिका’ योजना आहे. लायब्ररीत, ऑफिसात, लॅबमध्ये काही तास काम असतं. काम करत शिकण्याची ही परंपरा कर्मवीर भाऊराव पाटलांपासूनची. त्यात कमीपणा शोधणारी मैत्रीण भेटली तर ती मैत्रीणच बदल. गावाकडच्या मुलांसाठी 1955 पासून विद्यार्थी सहायक समितीची वसतिगृहं चालू आहेत. पुढच्या वर्षीसाठी तिथली चौकशी आत्ताच करून ठेव. आणि त्या कर्वेनगरच्या काकूंकडून डिपॉझिटची पावती घे. काकू कितीही प्रेमळ असोत.

सगळी पुस्तकं पहिल्याच दिवशी अप्पा बळवंत चौकात जाऊन आणू नकोस. दोन आठवडे थांब, सर कुठलं पुस्तक वापरतात ते कळेल, मग लायब्ररीत बुक बँक आहे का विचार, आणि उरलेलंच विकत घे, तेही सेकंडहँड. लॅबमधल्या मामांशी ओळख करून घे. कुठला स्पेक्ट्रोमीटर नीट चालतो आणि कुठल्याचा स्क्रू घसरतो हे आमच्यापेक्षा त्यांना जास्त माहीत असतं. जर्नल, म्हणजे प्रॅक्टिकलची वही, मात्र दर आठवड्याला सही करून घ्यायचं. सबमिशनच्या आदल्या रात्री झेरॉक्सच्या दुकानात जी जत्रा भरते, तिच्यात तू दिसलीस तर मी ओळख दाखवणार नाही.

अभ्यासाबाहेर काय करू, असं तू मागे विचारलं होतंस. एक काहीतरी कर, तीन नको. तुला नाटकाचं वेड आहे, तर तुझ्या कॉलेजची पुरुषोत्तम करंडकाची टीम कुठे तालीम करते ते शोध. ही एकांकिका स्पर्धा 1963 पासून चालू आहे. भरत नाट्य मंदिरात स्पर्धेच्या दिवशी ‘आवाज कुणाचा’च्या आरोळ्या ऐकशील तेव्हा कळेल पोरं कशासाठी झोप सोडतात. एफवायच्या पोरांना भूमिका लगेच मिळत नाही. ‘बॅकस्टेजला काही काम आहे का?’ हे विचारून आत शिरायचं असतं. तालमी रात्री उशिरापर्यंत चालतात, तेव्हा परत कसं यायचं हे आधी ठरव, आणि त्याच सुमारास इंटर्नल्स येतात हे दिग्दर्शकाला पहिल्याच दिवशी सांगून टाक. सांगितलं तर ऐकतात.

दोन नंबर फोनमध्ये घालून ठेव. कुणी सीनियर म्हणून त्रास देऊ लागलं तर अँटी-रॅगिंग हेल्पलाइन 1800-180-5522. मन फारच खचलं, कुणाशी बोलावंसं वाटेना, तर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, 14416, तिथे मराठीतून बोलता येतं. लागू नयेत, पण असू देत. तुझ्या खोलीतल्या दुसऱ्या मुलीला लागले तरी तुझ्याकडे असतील.

बसचा पास पहिल्या आठवड्यात काढ, त्यासाठी बोनाफाईड लागेल, ऑफिसातून एकदमच दोन-तीन प्रती मागून घे.

आणि रविवार. दुपारी मेसमध्ये गोडाचं असतं, रात्री मेस बंद. कॉटवर बसून बिस्किटं खात घरची आठवण काढायची वेळ ती हीच, सगळ्यांची. आमचं घर कोथरूडला आहे, कर्वेनगरहून पायीसुद्धा येता येतं. रविवारी रात्रीचं जेवण आमच्याकडे. येताना खोलीतल्या कुणाला आणायचं असेल तर तेही विचार, मी नाही म्हणणार नाही, फक्त संध्याकाळी पाचच्या आत फोन कर म्हणजे पोळ्यांचा अंदाज येतो. आणि आईला सांग, शेंगदाण्याची चटणी या खेपेला दोन डबे दे. एक माझा.

तुझी,
मावशी