फोटो तुमचेच, पण आधी तारीख बघा

प्रश्न : मी मूळची सोलापूरची. न्यूयॉर्कमध्ये फोटोग्राफीत मास्टर्स केलं, सध्या ओपीटीवर (शिक्षणानंतर काही काळ काम करायची परवानगी) आहे. जॅक्सन हाइट्स या वस्तीतल्या घरकाम करणाऱ्या आपल्याकडच्या बायकांवर काम करते. इथल्या एका संस्थेने वार्षिक अहवालासाठी माझ्याकडून बारा फोटो काढून घेतले. ६०० डॉलर दिले, करार नाही. आता त्यातला एक फोटो देणगीच्या पोस्टरवर आहे, कोपऱ्यातलं माझं नाव कापून. विचारलं तर म्हणतात, ‘पैसे दिलेत, फोटो आमचे.’ फोटोतल्या ताईंकडे इथले कागदपत्र नाहीत. नोटीस पाठवली तर माझ्या व्हिसाला धोका आहे का?

उत्तर : गंमत म्हणजे हेच सोलापुरात घडलं असतं, तर संस्थेचं म्हणणं बरंचसं बरोबर ठरलं असतं. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, कुणी पैसे देऊन फोटो काढून घेतला आणि वेगळं काही ठरलेलं नसेल, तर पहिला मालक तो पैसे देणारा. अमेरिकेत उलट आहे. तुम्ही त्यांच्या नोकरीत नव्हता आणि हक्क देऊन टाकल्याचा सहीचा कागद नाही, म्हणजे कॉपीराइट तुमचा. १९८९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासमोर जवळपास असंच प्रकरण आलं होतं. बेघरांसाठी काम करणारी वॉशिंग्टनची संस्था आणि तिच्यासाठी शिल्प घडवणारे जेम्स अर्ल रीड. काम चांगल्या हेतूचं होतं, सूचनाही संस्थेच्या होत्या, तरी न्यायालयाने रीड यांना संस्थेचे नोकर मानलं नाही.

मात्र अहवालात फोटो छापायची परवानगी तुम्ही दिलीच होती, तोंडी असली तरी. त्यावर भांडू नका. भांडण पोस्टरचं. तेव्हाच्या ईमेलमध्ये ‘वार्षिक अहवालासाठी’ हे शब्द असतील, तर ती एक ओळ तुमची बाजू भक्कम करते. शोधून ठेवा.

इंटरनेटवर दीड लाख डॉलरच्या भरपाईचे आकडे वाचून हुरळू नका. ती कायद्याने ठरवून दिलेली भरपाई मिळायला फोटोची कॉपीराइट नोंदणी उल्लंघनाच्या आधी, किंवा पहिल्या प्रकाशनापासून तीन महिन्यांत झालेली लागते. तुम्ही नोंदणीबद्दल काही लिहिलेलं नाही, म्हणजे बहुधा केलेली नाही. तरी आता करा; अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या फोटोसाठी त्याशिवाय दावाच लावता येत नाही. एका अर्जात ७५० फोटोंपर्यंत नोंदवता येतात. नाव कापण्याचा मुद्दा वेगळा आहे. ते जाणूनबुजून, उल्लंघन झाकायला केलं हे दाखवता आलं, तर प्रत्येक वेळेला २,५०० ते २५,००० डॉलर, आणि त्याला बहुतेक न्यायालयं नोंदणी मागत नाहीत.

आता व्हिसा. स्वतःच्या हक्कासाठी नोटीस पाठवणं म्हणजे काम करणं नव्हे, त्याने एफ-१ ला, म्हणजे तुमच्या विद्यार्थी व्हिसाला, काही होत नाही. पण तुम्ही एक गोष्ट लिहिलेली नाही : काम केलंत कधी? वर्क परमिटच्या कार्डावरची सुरुवातीची तारीख आणि तुमच्या बिलावरची तारीख शेजारी ठेवून बघा. ओपीटी सुरू झाल्यावरचं असेल तर निर्धास्त राहा. फ्रीलान्स चालतं, फक्त आठवड्याचे तास आणि बिलं नीट ठेवा. शिकत असताना, परवानगीशिवाय केलं असेल, तर तो बिनपरवाना रोजगार धरला जाऊ शकतो, आणि नोटिशीला तेच बिल जोडाल तर पुरावा तुम्हीच हातात द्याल. अशा वेळी आधी इमिग्रेशनच्या वकिलाला भेटा. आणि बिलावरची तारीख बदलायचा विचारही करू नका. ओ-१ साठी, म्हणजे कलाकारांना मिळणाऱ्या विशेष गुणवत्तेच्या व्हिसासाठी, अर्ज केलात तर पुढे हेच कागद लागतील, तिथे खोटी तारीख कॉपीराइटपेक्षा कितीतरी महागात पडते.

कॉपीराइटच्या दाव्याला तीन वर्षं आहेत, तुम्हाला घाई नाही. ताईंना आहे. न्यूयॉर्कमध्ये लेखी संमतीशिवाय जाहिरातीत कुणाचा चेहरा वापरता येत नाही, आणि त्या दाव्याला एकच वर्ष मिळतं. देणगीचं पोस्टर जाहिरात ठरतं का, यावर संस्था वाद घालेल, घालू दे. पण ताईंना कोर्टात नेऊच नका, त्यांनी स्वतः ठरवलं तरच. तुम्ही आजच संस्थेला दोन ओळींचं ईमेल करा : पोस्टर काढा, संमतीपत्र दाखवा. ६०० डॉलर, कॉपीराइट, तुमचं कापलेलं नाव, यातलं काहीही त्या ईमेलमध्ये घालू नका. आणि पाठवण्याआधी ताईंना फोन करा, त्यांना पोस्टरबद्दल माहीत तरी आहे का ते विचारा.