वाचक विचारतात : वेंगसरकर, लॉर्ड्सचा उतार आणि ऑनड्राइव्ह

प्रश्न : लंडनच्या लॉर्ड्स मैदानावर भारताचे माजी फलंदाज दिलीप वेंगसरकर यांची तीन कसोटी शतकं आहेत. त्याच मैदानावर त्यांना एवढं काय साधलं होतं?

उत्तर : १९७९ मध्ये १०३, १९८२ मध्ये १५७ आणि १९८६ मध्ये नाबाद १२६. तिथे तीन कसोटी शतकं करणारे ते पहिले परदेशी फलंदाज. हे मैदान एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सुमारे अडीच मीटर उतरतं. त्यामुळे उजव्या फलंदाजासाठी पॅव्हिलियनच्या टोकाकडून आलेला चेंडू टप्पा पडल्यावर आत वळतो आणि नर्सरीच्या टोकाकडून आलेला बाहेर निघतो. नवखा फलंदाज एका टोकाला पायचीत होतो, दुसऱ्या टोकाला स्लिपमध्ये झेल देतो. वेंगसरकर उंच होते, ताठ उभे राहत आणि बॅट सरळ रेषेतून खाली आणत. डोकं स्थिर असल्याने उतारावर त्यांचा तोल ढळत नसे.

१९७९ ला पहिल्या डावात ते शून्यावर गेले आणि भारत ९६ धावांत आटोपला. दुसऱ्या डावात त्यांनी विश्वनाथांसोबत २१० धावा जोडून सामना वाचवला. १९८६ ला शतक पुरं झालं तेव्हा समोर शेवटचा गडी मणिंदर सिंग होता. लॉर्ड्सवर भारताने जिंकलेली पहिली कसोटी ती हीच. तरी आमच्या मते त्याहून मोठी खेळी पुढच्याच कसोटीत हेडिंग्लीवर झाली : ६१ आणि नाबाद १०२. त्या सामन्यात दोन्ही संघांतल्या दुसऱ्या कुणालाही पन्नाशी गाठता आली नाही!

प्रश्न : ते सलामीला खेळत का?

उत्तर : सुरुवातीला, हो. नागपूरच्या १९७५ च्या इराणी सामन्यात (रणजी विजेता विरुद्ध शेष भारत) फिरकीपटू बेदी-प्रसन्ना यांच्यासमोर ११० धावा केल्यावर निवड झाली आणि जानेवारी १९७६ मध्ये ऑकलंडला ते सलामीला उतरले. पुढे तिसरा क्रमांक मानवला. एकूण ११६ कसोटी, ६८६८ धावा, १७ शतकं.

प्रश्न : माझा १३ वर्षांचा मुलगा ऑनड्राइव्ह (लेगच्या बाजूला, मिड-ऑनकडे मारलेला सरळ बॅटचा फटका) मारताना ऑफच्या बाजूला कलतो. काय करावं?

उत्तर : बहुधा त्याचा पुढचा पाय आडवा पडत असणार. पाय ऑफ स्टंपकडे गेला की बॅटला त्याला वळसा घालून यावं लागतं. मग पायचीत तरी होतो, नाहीतर कड लागून चेंडू हवेत उडतो. कव्हर ड्राइव्हपेक्षा पाऊल थोडं आखूड टाकायला सांगा. ते चेंडूच्या रेषेच्या जरा डावीकडे (मुलगा उजवा फलंदाज असेल तर) पडावं आणि पायाची बोटं मिड-ऑनकडे वळलेली असावीत. पुढचा खांदा किंचित खाली, डोकं चेंडूवर, जोर वरच्या हाताचा. सहा-सात मीटरवरून मधल्या व लेग स्टंपच्या रेषेत हाफ व्हॉली (बॅटच्या अगदी जवळ टप्पा पडणारा चेंडू) खालून टाकून द्या. २० चेंडू झाले की विश्रांती. दमल्यावर पाय पुन्हा आडवा जातो. फटक्यानंतर दोन सेकंद तसंच उभं राहायला लावा. तेवढा वेळ तोल टिकला नाही, तर चेंडूचा वेग वाढवू नका.