संधिवात, आमवात आणि गुडघ्यातला कोल्हा

इंदूरच्या रामबागेतून एका ताईंनी विचारलंय, "इथे सगळे गठिया म्हणतात, पुण्याची बहीण संधिवात म्हणते, वैद्यबुवा आमवात म्हणाले. तिन्ही एकच का?"

नाही. आणि "मला आर्थ्रायटिस आहे" एवढ्यानेही काही कळत नाही. ते "ताप आलाय" म्हणण्यासारखं झालं. कसला ताप? ग्रीक 'आर्थ्रॉन' म्हणजे सांधा, 'आयटिस' म्हणजे दाह. या एका नावाखाली शंभरावर आजार मोडतात. आमच्या इंदुरात तर कंबरेत चमक भरली तरी "गठिया-बाय झाली". अहो, चमक स्नायूंची! गठिया हा गाठीतून आलेला हिंदी शब्द, आणि गाठ सांध्याची.

झिजेचा त्रास, म्हणजे ऑस्टिओआर्थ्रायटिस, त्याला खुशाल संधिवात म्हणा. उठल्यावर सांधे आखडतात, पण अर्ध्या तासाच्या आत मोकळे होतात. रूमॅटॉइड आर्थ्रायटिसमध्ये, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते तेव्हा, तासभर मूठ वळत नाही. तिथे वैद्य आमवात म्हणतात. अंगठा लालबुंद सुजला आणि युरिक ॲसिड वाढलेलं निघालं, तर ते वातरक्त. चरकाने त्याला 'आढ्यवात' असंही नाव दिलंय. आढ्य म्हणजे धनाढ्यातला आढ्य, श्रीमंतांचं दुखणं!

आमवातातला 'आम' म्हणजे कच्चा, न पचलेला. आमांशातला आम तोच. माधवनिदान या रोगनिदानाच्या जुन्या ग्रंथात या रोगाला स्वतंत्र अध्याय आहे आणि वेदना कशी, तर विंचू डसल्यासारखी. पण म्हणून आमवात म्हणजे रूमॅटॉइडच, असं डोळे मिटून लिहिणाऱ्यांनी तो अध्याय पुन्हा वाचावा. त्यात ताप आहे, अरुची आहे, हृदयाची तक्रारही आहे. मला तर त्यात ऱ्हुमॅटिक फीव्हर, म्हणजे सांधे आणि हृदय दोन्ही धरणारा ताप, तोही दिसतो.

पण खरी मौज सुश्रुताकडे आहे. वात आणि रक्त बिघडून गुडघा भयंकर सुजतो, त्याला तो 'क्रोष्टुकशीर्ष' म्हणतो. क्रोष्टुक म्हणजे कोल्हा. मांडी आणि पोटरी बारीक, मध्ये गुडघा तेवढा फुगलेला. बघा, कोल्ह्याचं डोकं दिसतं की नाही! 'क्रुश्' म्हणजे ओरडणे. त्यातूनच आक्रोश, त्यातूनच हाक पोचेल तेवढा कोस, आणि रात्री ओरडणारा तो क्रोष्टु. माझं ठाम मत आहे की आपला 'कोल्हा' याच घरचा.

यावर भाषाशास्त्रवाले नाक मुरडतात. 'ष्ट'चा 'ठ' व्हायला हवा, 'ल्ह' कुठून आला, म्हणतात. ठ होतो हे मलाही माहीत आहे. पण कुष्ठाचा प्राकृतात 'कोढ' झालाच ना? आणि ढ एकदा आला की पुढे वाट मोकळी आहे. ऋग्वेदात 'दृढ'चा उच्चार 'दृळ्ह' होतो. मग क्रोष्टूचा 'कोढू', कोढूचा 'कोळ्हू', कोळ्हूचा 'कोल्हा' असं का नसावं? ही साखळी ज्यांना पटत नाही ते 'देशी शब्द', म्हणजे संस्कृतात मूळ नसलेला, असा शिक्का मारून मोकळे होतात. देशी म्हटलं की पुढे काही शोधावं लागत नाही, एवढीच त्याची सोय.